नवोदयला पाठवायचं का? ठरवण्याआधी एवढं बघूया



शाळा सुरू होऊन महिना झाला की पाचवीतल्या मुलांच्या घरी एक विषय निघतोच. गुरुजी किंवा बाई निरोप पाठवतात, "तुमची पोरगी हुशार आहे, नवोदयचा फॉर्म भरा." मग घरात दोन तट पडतात. बाप म्हणतो, "फुकटात एवढं शिक्षण कुठं मिळतंय?" आजी म्हणते, "एवढंसं लेकरू, अजून माझ्या कुशीत झोपतं, त्याला कुठं धाडता?" आई दोन्हीकडचं ऐकते, भाकरी थापते, आणि रात्री तिला झोप लागत नाही.

बचत गटांच्या बैठकांमध्ये बायकांनी हा विषय आमच्याकडे पुन्हा पुन्हा काढला, म्हणून आजचा भाग त्यावर. आम्ही तुम्हाला 'पाठवा' असं सांगणार नाही आणि 'पाठवू नका' असंही सांगणार नाही. नवोदय चांगली शाळा आहे का, हा प्रश्न तसा सोपा आहे. खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. आपल्या या लेकराला, या वयात, घर सोडून तिथं राहिल्यानं काय मिळेल आणि काय सुटेल? त्याचं उत्तर गुरुजींकडे नाही, शेजारणीकडे नाही आणि आमच्याकडेही नाही. ते तुमच्या घरातच आहे. ते शोधायला लागणारी माहिती मात्र आम्ही आज देऊ शकतो.

नवोदय म्हणजे नेमकं काय

१९८६ साली देशाचं नवं शिक्षण धोरण आलं. खेड्यातल्या हुशार मुलांना, घरची परिस्थिती कशीही असली तरी, उत्तम शिक्षण मिळावं म्हणून जवाहर नवोदय विद्यालयं काढायचं ठरलं. सुरुवातीला दोनच शाळा निघाल्या. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात साडेसहाशेहून जास्त नवोदय आहेत. आपल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक आहे.

ही केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावी ते बारावी, मुलं-मुली एकत्र शिकतात, वसतिगृहं वेगवेगळी. अभ्यासक्रम सीबीएसईचा. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचे पैसे घेत नाहीत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी असतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना तो माफ आहे. सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी नियम वेगळा आहे, त्यांना जास्त भरावं लागतं.

एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या, आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलांसाठीही राखीव जागा असतात.

ग्रामीण जागेवर हक्क सांगायचा तर मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. यातला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला असेल तरी मूल शहरी धरलं जातं. तेव्हा तिसरीत मामाकडे तालुक्याला ठेवलं होतं, असं असेल तर आधीच मुख्याध्यापकांशी बोला. शिवाय ज्या जिल्ह्याच्या नवोदयला जायचं, त्याच जिल्ह्यात मूल राहणारं आणि पाचवीला शिकणारं असावं लागतं.

परीक्षा कशी असते

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली आकृती कुठली, अपुरी आकृती पूर्ण करा, असे. त्याला ५० गुण. २० प्रश्न गणिताचे आणि २० भाषेचे, दोन्हींना २५-२५ गुण. पेपर मराठीतून देता येतो. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. सहावीसाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

फॉर्म ऑनलाइन भरतात आणि त्याला शुल्क नाही. सेवा केंद्रवाला भरून देण्याची मजुरी घेईल ती वेगळी. पण 'मी जागा मिळवून देतो' असं म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो फसवतोय हे नक्की समजा. परीक्षेची तारीख दर वर्षी तीच राहत नाही, म्हणून जून-जुलैपासून शाळेत विचारत राहा.

जिल्ह्यातून हजारो मुलं बसतात आणि ८० घेतली जातात. हे आकडे आम्ही घाबरवायला सांगत नाही. निकाल लागल्यावर घरात कुणाचं तोंड उतरू नये म्हणून आधीच सांगतोय. दोन-चार प्रश्न इकडचे तिकडे झाले की एक मूल आत आणि दुसरं बाहेर. या दोघांच्या हुशारीत जमीन-अस्मानाचा फरक नसतो.

निर्णय एक नाही, तीन आहेत

बहुतेक घरांमध्ये इथंच गोंधळ होतो. फॉर्म भरला म्हणजे पाठवायचं ठरलं, असं वाटतं. तसं नाही. परीक्षेला बसायचं का, हा पहिला निर्णय. जागा मिळाली तर घ्यायची का, हा दुसरा. आणि गेल्यावर तिथं ठेवायचं का, हा तिसरा. तिन्ही निर्णय वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गोष्टी बघून घ्यायचे असतात.

पहिल्या निर्णयाला फार डोकं लावायची गरज नाही. मुलाला आकृत्या सोडवायला आवडत असेल, शाळेतले गुरुजी सराव घेत असतील, तर बसू द्या. गणित आणि वाचन सुधारतं, शिष्यवृत्ती परीक्षेलाही तो सराव कामी येतो. पण परीक्षेपायी पाचवीचं अख्खं वर्ष नासवू नका. पहाटे उठवून क्लास, शाळा सुटल्यावर पुन्हा क्लास, रविवारी पेपर, खेळ बंद, आजोळ बंद, हे दहा वर्षांच्या लेकराला झेपत नाही. कर्ज काढून शहरातल्या निवासी क्लासला ठेवणारी घरं आम्हाला दिसतात. फुकट शाळेच्या एका जागेसाठी हजारो रुपये घालणं हा व्यवहार एकदा शांतपणे कागदावर मांडून बघा. त्यात एक धोकाही आहे. पैसे घातले की 'आता नापास होऊन चालणार नाही' हे ओझं मुलाच्या डोक्यावर बसतं.

दुसरा निर्णय मात्र नीट विचार करून घ्यायचा. त्यासाठी तराजूची दोन्ही पारडी बघूया.

मिळतं काय

दिवसाची घडी मिळते. सकाळचा व्यायाम, शाळा, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, सगळं वेळेवर. शिक्षक आवारातच राहतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान असतं. मुलांना अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा नावांच्या गटांत म्हणजे हाऊसमध्ये वाटतात, आणि खेळ-स्पर्धा त्यावरून होतात. दहावी-बारावीच्या सीबीएसई निकालात नवोदय वरच्या रांगेत असतात. २०२४ साली दोन्ही वर्गांचा निकाल ९८ टक्क्यांच्या वर होता.

काही घरांसाठी तर यापेक्षा मोठी गोष्ट मिळते, ती म्हणजे न तुटणारी शाळा. बीडकडच्या, नगरकडच्या ऊसतोड कुटुंबांचं बघा. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड कारखान्यावर निघतं आणि मूल शाळेतून सुटतं. मागे ठेवायचं तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर किंवा हंगामी वसतिगृहात. अशा घरातलं मूल नवोदयला लागलं तर सात वर्षं त्याची शाळा एका जागी राहते, दोन वेळचं पोटभर जेवण ठरलेलं असतं. घरात दारू आहे, मारहाण आहे, अभ्यासाला जागा नाही, आई एकटीच कमावती आहे, तिथंही हे पारडं जड होतं.

सुटतं काय

पहिलं म्हणजे घर. दहा-अकरा वर्षांचं मूल दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येणार. मधे भेटायचे दिवस ठरलेले, फोनही शाळा ठरवेल तेव्हाच. ताप आला तर कपाळावर हात तुमचा नसणार. पहिल्या काही महिन्यांत बहुतेक मुलं रडतात. काही रुळतात, काही आतल्या आत मिटून जातात.

दुसरं, पहिल्या नंबराची सवय. गावच्या शाळेत जे मूल कायम पहिलं येतं, ते तिथं अशा ७९ मुलांमध्ये बसतं जी आपापल्या शाळेत पहिली होती. कुणीतरी चाळिसावं येणार, कुणीतरी शेवटचं येणार. ते आपलं मूलही असू शकतं. हे त्याला आधी कळलेलं असलं आणि घरच्यांनाही चालणार असलं, तर त्रास होत नाही. 'तू तर पहिला यायचास, आता काय झालं?' हा एक प्रश्न मुलाला फार खोल लागतो.

तिसरं, भाषा. मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून शिकणं सातवी-आठवीपर्यंत. पुढं गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्र हिंदीतून. मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला सुरुवातीला ही चढण लागते. पुढं तिचा फायदाही होतो, पण मधली दोन वर्षं धीर धरावा लागतो.

चौथी गोष्ट बऱ्याच आया फॉर्म भरताना ऐकतच नाहीत. नववीला वर्गातली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिथली तेवढी मुलं इथं येतात. आपलं मूल हिंदी मुलखात जाऊ शकतं. देश बघायला मिळतो, हिंदी पक्की होते, जन्माचे मित्र मिळतात. पण नाव आलं की जावं लागतं, हे आजच माहीत असलेलं बरं.

आणखी एक हिशेबाची बाब. आठवीला एनएमएमएस नावाची परीक्षा असते. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतलं गरीब घरचं मूल ती पास झालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. नवोदयच्या मुलांना ती लागू नाही. म्हणजे गावात राहणाऱ्या हुशार मुलाच्या हातातही काही असतंच.

शाळेनं मूल घडतं की मुलानं शाळा

निकाल ९८ टक्के, मग शाळा भारीच, असं आपण म्हणतो. पण एक विचार करा. जिल्ह्यातली निवडक ८० मुलं एका ठिकाणी गोळा केली तर निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेचा वाटा किती आणि मुलांचा किती?

अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्येही अशाच परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा आहेत. तिथं काही अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१४ साली छापून आला. त्यांनी अगदी थोडक्यात आत गेलेली आणि अगदी थोडक्यात बाहेर राहिलेली मुलं घेतली आणि पुढच्या परीक्षांमध्ये त्यांचं काय झालं ते पाहिलं. दोघांच्या गुणांमध्ये फारसा फरक दिसला नाही. आता तिथल्या शाळा निवासी नाहीत, आणि ज्या मुलांना तिथं जागा मिळाली नाही त्यांनाही शहरातली दुसरी बरी शाळा होती. आपल्याकडे ज्या गावात आठवीनंतर शाळाच नाही, तिथं ही तुलना तशीच्या तशी लागू होत नाही. पण त्यातून एक गोष्ट आपण नक्की घ्यावी. हुशार मूल एका शाळेच्या फाटकावर अवलंबून नसतं. तुमच्याजवळची दुसरी शाळा बरी असेल, घरात अभ्यासाचं वातावरण असेल, तर नवोदय नाही मिळालं किंवा नाही घेतलं म्हणून काही बुडत नाही. आणि जवळ काहीच नसेल, तर नवोदयचं मोल फार वाढतं. म्हणून तुलना करताना 'नवोदय की काही नाही' अशी करू नका. 'नवोदय की आपल्या हाताशी असलेली ही अमुक शाळा' अशी करा.

मुलीच्या बाबतीत

इथं आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. मुलगा निवडला गेला की पेढे वाटतात. मुलगी निवडली गेली की विचार सुरू होतो. 'एवढ्या लांब कशी ठेवायची?' 'वयात येईल आता.' 'धाकट्याला कोण सांभाळणार? पाणी कोण भरणार?'

काळजी खरी आहे, ती चुकीची नाही. पण कारणं वेगवेगळी करून बघा. तिच्या सुरक्षिततेची काळजी असेल तर शाळेत जाऊन मुलींचं वसतिगृह बघा, तिथल्या बाईंशी बोला, शंका विचारा. तिचं मन तयार नसेल तर थांबा. पण घरातलं काम अडेल म्हणून नको म्हणत असाल, तर त्याला काळजी म्हणता येणार नाही. धाकट्याला सांभाळायचा मार्ग निघतो, बारावीपर्यंतची सात वर्षं पुन्हा निघत नाहीत. ज्या गावांमध्ये सातवी-आठवीनंतर शाळा लांब आहे म्हणून मुली घरी बसतात आणि मग स्थळं यायला लागतात, तिथं बारावीपर्यंत ठरलेली शाळा म्हणजे मुलीच्या लग्नाचं वय पुढं जाणं आहे. हे तोलताना विसरू नका.

आणि मुलगी गावातच राहणार असेल, तर तिथंही तिची वाट मोकळी ठेवा. लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. शाळेतून माहिती घ्या.

मूल तयार आहे का, हे कसं ओळखायचं

हुशारी परीक्षेत कळते. तयारी घरात कळते. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. मावशीकडे किंवा आत्याकडे चार दिवस आईशिवाय राहतं का? स्वतः अंघोळ, वेणी, कपडे धुणं जमतं का? ताटात नावडती भाजी आली तर जेवतं का? पोट दुखलं तर मोठ्या माणसाला जाऊन सांगतं, की गप्प पडून राहतं? कुणी त्रास दिला तर बोलतं का? रात्री अंथरुण ओलं होत असेल तर त्याला लाजवू नका, पण डॉक्टरांना दाखवा आणि शाळेशी आधी बोला.

यातल्या बऱ्याच गोष्टी शिकवता येतात, त्यासाठी पाचवीचं वर्ष हातात असतं. शेवटची गोष्ट, म्हणजे त्रास झाला तर सांगणं, सगळ्यात महत्त्वाची. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श समजावून सांगा. मुलीला पाळीची माहिती जाण्याआधीच द्या. कापड किंवा पॅड कसं वापरायचं ते दाखवा, पिशवीत ठेवून द्या. अकराव्या वर्षी वसतिगृहात पहिल्यांदा पाळी आली तर ती घाबरायला नको. घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबरही सांगून ठेवा.

आणि मुलाला विचारा. 'जाशील ना?' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो'च येतं. 'तिथं काय आवडेल? कशाची भीती वाटते?' असं विचारा. मूल आपल्याला खूश करायला हो म्हणतं, हे आपण आया ओळखतो. शेवटचा शब्द दहा वर्षांच्या मुलावर टाकायचा नसतो, तो मोठ्यांनीच घ्यायचा. पण त्याचं म्हणणं त्यात असलं पाहिजे.

प्रवेश घेण्याआधी शाळा बघा

यादीत नाव आलं की कागदपत्रांची धावपळ सुरू होते. त्यातून एक दिवस काढा आणि आई-बाप दोघांनी शाळेत जाऊन या. एकट्या बापाला पाठवू नका. आईच्या नजरेला जे दिसतं ते वेगळं असतं. झोपायच्या खोल्या बघा, संडास-बाथरूम बघा, स्वयंपाकघरात डोकावा. आजारी मुलाला कुठं ठेवतात, नर्स आहे का, दवाखाना किती लांब, विचारा. रात्री मुलांजवळ कोण असतं? मोठी मुलं लहानांना त्रास देतात तेव्हा शाळा काय करते? मुलाशी मनातलं बोलणारे समुपदेशक आहेत का? भेटीचे दिवस कुठले, फोन कधी?

हे विचारायला संकोच करू नका. निवासी शाळेतल्या मुलांच्या मनावर येणारा ताण ही खरी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी नवोदयमधल्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानंही त्यांची दखल घेतली होती. हजारो मुलं तिथून आनंदानं शिकून बाहेर पडतात हेही तितकंच खरं. पण विचारणारे पालक असले की शाळाही जागी राहते.

तिसरा निर्णय: ठेवायचं की आणायचं

मूल गेलं. पहिल्या फोनवर रडलं, "आई, मला न्यायला ये." काय करायचं?

लगेच गाडी करून जाऊ नका आणि 'रडायचं नाही, मोठा झालास' असं म्हणून फोनही ठेवू नका. ऐकून घ्या. घरची आठवण आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण येणारं मूल रडतं, पण खेळतं, जेवतं, मित्राचं नाव सांगतं. तिची धार हळूहळू कमी होते. त्रासातलं मूल जेवत नाही, बारीक होतं, बोलायचं बंद होतं, कुणाचं तरी नाव काढलं की गप्प होतं, किंवा मरणाच्या गोष्टी बोलतं. असं दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी हाऊस मास्तरांशी, प्राचार्यांशी बोला, जाऊन भेटा आणि गरज वाटली तर घरी आणा.

'आता परत आणलं तर वर्ष जाईल, शाळा घेणार नाही' या भीतीनं बऱ्याच आया गप्प बसतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ काय म्हणतो ते ऐका. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं. म्हणजे परतीची वाट उघडी आहे. मुलालाही जाण्याआधी हे सांगा, "जमलं तर उत्तम, अगदीच नाही जमलं तर घर आहे." दार उघडं आहे हे माहीत असलेलं मूल जास्त धीरानं राहतं.

राहता राहिले लोक. गावात फलक लागलेला असतो, सत्कार झालेला असतो, आणि परत आणलं तर 'पळून आलं' म्हणतात. मैत्रिणींनो, फलक चार महिन्यांत पावसानं उतरतो. लेकराचं मन जपायचं काम आपल्यालाच करायचं असतं.

नाव आलं नाही तर

ज्यांची नावं येणार नाहीत अशीच मुलं जास्त असणार. त्या दिवशी घरात गोड काहीतरी करा. वर्षभर मेहनत केली, त्याचं. दुसऱ्याच्या मुलाचं उदाहरण देऊ नका. पुढं रिकाम्या जागा असतील तर आठवीत असताना नववीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा देता येते, अकरावीलाही काही जागा भरतात. तेव्हा मूल मोठं असतं, स्वतःचं स्वतः ठरवू शकतं. काही मुलांना तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडणं दहाव्या वर्षापेक्षा जास्त मानवतं. शिष्यवृत्ती आहे, एनएमएमएस आहे, जवळच्या शाळेत मन लावून शिकवणारे गुरुजी-बाई आहेत. आणि एक विसरू नका. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सुधारावी म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसायचा हक्क आपल्यालाही आहे. त्या समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. ८० मुलं नवोदयला गेली तरी बाकीची सगळी इथंच शिकणार आहेत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. रात्री जेवणं झाली की घरातले सगळे बसा, आजीलाही बसवा आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्या लेकरालाही. एका कागदावर दोन रकाने पाडा. एकात 'मिळेल', दुसऱ्यात 'सुटेल'. प्रत्येकानं आपापलं सांगायचं, लिहायला येणाऱ्यानं लिहायचं. कुणाचं म्हणणं खोडायचं नाही. उत्तर त्याच रात्री निघालं नाही तरी चालेल. फॉर्मची तारीख जवळ आली असेल तर फॉर्म भरून टाका. पुढचे दोन निर्णय तुमच्याच हातात आहेत.

तुमच्या घरातलं मूल नवोदयला असेल, तिथून शिकून आलं असेल किंवा अर्ध्यातून परत आलं असेल, तर तुमचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तो इतर मैत्रिणींना ऐकवू. तोवर, नमस्कार.